उतरती बोट

कबनूर
१२ नोव्हेंबर

अक्षता बाळा,

जय भीम. मी बोलतोय आन् तुझी बहीण टाइप करत्या. पूर्णिमाला सांगटलंय, माझं बोलणं सुधारायचं न्हाय, हाय तसंच धाडायचं. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला, कानाचं काय झालंय ते तुला म्हाईत हाय. तू बोटीवरनं फोन केलास की तुझा आवाज येतोय, पर शब्द लागत न्हाईत. तवा लिहूनच सांग.

तुझ्या मुंबईच्या कंपनीचा मेल आज आला. दर खेपेला एकच ओळ असती. बोट कुठं हाय, काय करत्या. आजच्या ओळीत ‘लॉक्ड अप’ लिहिलंय. पूर्णिमानं अर्थ काढला तर कोंडून ठेवणं, तुरुंगात घालणं. मला खरं वाटंना. पलीकडच्या गल्लीतल्या यशराजकडं गेलतो, त्यो इंग्लिश मीडियमचा. त्यो म्हणाला, "काका, बोट पकडली असंल. बाहेरच्या देशात कागद बरोबर नसले की पकडत्यात की." पुढं ‘अपबाउंड’ असा शब्द हाय. बाउंड म्हणजे बांधलेलं, हेबी त्यानंच सांगटलं.

तुझी आई हे ऐकून उठली आन् विहारात जाऊन बसली. दिवे लागायची येळ झाली, अजून आलेली न्हाय.

तुला कुणी कोंडलंय का? कुणी बांधलंय? काय असंल ते सरळ लिही. मी घाबरणारा माणूस न्हाय, पर आज घाबरलोय.

तुझा अण्णा

वेलंड कालवा, कॅनडा
१५ नोव्हेंबर

अण्णा, जय भीम.

मला कुणी कोंडलेलं नाही आणि बांधलेलंही नाही. आधी आईला एवढं सांगा, मग पुढचं वाचा.

कंपनीत ते मेल पाठवणारे गृहस्थ तारेच्या जमान्यातले आहेत. बोटींच्या हालचालीचे जुने शब्द त्यांच्या बोटांत बसलेत. ‘लॉक’ म्हणजे इथं कुलूप नव्हे. कालव्यातली एक अरुंद जागा समजा. दोन्हीकडं उंच भिंती, पुढं एक दरवाजा, मागं एक दरवाजा. बोट आत घेतात, मागचा दरवाजा लावतात आणि पाणी सोडतात. पंचगंगेच्या बंधाऱ्याला बरगे घातले की मागचं पाणी कसं चढतं, तसं पाणी चढतं आणि त्याच्याबरोबर बोट. मग पुढचा दरवाजा उघडायचा. अशी एकामागून एक लॉक्स आहेत. आमची एवढी लांबलचक बोट पाण्याच्या जिन्यानं अख्खा डोंगर चढते! ‘लॉक्ड अप’ म्हणजे वर चढवली. उतरवली की ते ‘लॉक्ड डाउन’ लिहितील, तेव्हा बुडाली समजू नका. ‘अपबाउंड’ म्हणजे वर निघालेली, ‘डाउनबाउंड’ म्हणजे खाली समुद्राकडं निघालेली. ‘पुट बॅक’ म्हणजे निघून परत फिरली. ‘लँडेड’ म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर उतरवलं, मग तो माल असो की माणूस.

आणि ‘वार्प्ड’ आलं तर यशराजकडं जाऊ नका, तो तुमच्याच धंद्यातला शब्द आहे. इंजिन न वापरता भिंतीवर दोर लावून, ते ताणून बोट सरकवायची. मागावरच्या ताण्यासारखे दोर ताठ होतात.

दोर भिंतीवर घ्यायला कुणीतरी आधी खाली उतरावं लागतं. बोटीवर त्यासाठी एक लांब दांडा असतो, बूम म्हणतात. त्याला दोर आणि दोराला बसायची फळी. आमचा रमोन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सचा पन्नाशीतला माणूस, त्यावरून झोपाळ्यासारखा उतरतो. मी वरून बघते. माझं काम हातात वॉकीटॉकी घेऊन उभं राहण्याचं.

थंडी आहे, पण कपडे भरपूर दिलेत. काळजी नको.

अक्षता

कबनूर
२१ नोव्हेंबर

अक्षता,

तुझं पत्र वाचून तुझी आई हसली. मीबी हसलो. वार्प! सगळं आयुष्य वार्पिंगच्या सुतात गेलं आन् बोटवाले त्योच शब्द वापरत्यात. कारखान्यात सगळ्यांना सांगटलं.

हे परवाचं झालं. काल तुमच्या कंपनीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पूर्णिमानं दावला. भल्या उंच भिंतीशेजारी बोट, आन् मदी दोराला एक माणूस लोंबकळतोय, केशरी जाकीट, टोपी. मी म्हणालो, ह्यो बघ रमोन. तुझ्या आईनं मोबाईल हातात घेतला. तोंड दिसत न्हाय. टोपीखालनं येणी बाहेर आलीया, आन् दोर डाव्या हातानं धरलाय. ती म्हणाली, "ही माझी पोरगी हाय."

येवढंच म्हणाली. मोबाईल खाली ठेवला आन् भाकरी थापाय लागली. थापता थापता तिच्या हातातनं भाकरी फाटली, दुसरी घेतली, तीबी फाटली.

आम्हाला खोटं का लिहिलंस? खाली पाणी, अंगाजवळ भिंत, आन् तू वीतभर फळीवर. तुला शिकायला पाठीवली का टांगायला?

अण्णा

बोटीवरून, धान्याच्या धक्क्यावर
२६ नोव्हेंबर

अण्णा,

खोटं लिहिलं, कारण तुम्ही दोघं तिथं आणि मी इथं. तुम्ही भिऊन काय करणार होता?

आता लिहिते. बोटीवर सगळ्यात हलकी मीच, म्हणून मला उतरवतात. कठड्याच्या बाहेर फळीवर बसायचं. दांडा भिंतीकडं फिरवतात, वरचे खलाशी दोर सोडत जातात. बोट तेव्हा थांबलेली नसते, हळूहळू सरकतच असते. भिंतीला पाय लागले की दोन-चार पावलं पळायचं, नाहीतर तोल जातो. खाली बोट आणि भिंत यांच्यामध्ये एक फट असते. ती उघडते आणि मिटते. एवढी मोठी बोट भिंतीला टेकते आणि फट मिटताना आवाजसुद्धा होत नाही. मला त्याचीच भीती वाटते. पहिल्या दिवशी भिंतीवर उभी राहिले तेव्हा दोराचा फास खुंट्यावर पडेना. रमोन वरून ओरडत राहिला, "माझ्याकडं बघ, खाली बघू नको!"

नाही म्हणता येतं का, असं आई विचारेल. मी शिकाऊ आहे. समुद्रावर काढायचे महिने अजून पुरे व्हायचेत आणि शेवटी कॅप्टन जो शेरा लिहितील त्यावर पुढची परीक्षा. मागच्या वर्षी एका मुलानं नाही म्हटलं, त्याला दुसरी बोट मिळाली नाही.

आता कालव्यापलीकडच्या मोठ्या सरोवरांच्या वरच्या टोकाला धान्य भरतो आहोत. हिवाळ्यात कालवा बंद होतो. त्याआधी तोच जिना उतरून समुद्रात पोचायला हवं, म्हणून कॅप्टनची घाई चालली आहे. इथं रोज बर्फ पडतोय.

अक्षता

कबनूर
१ डिसेंबर

बाळा,

तुझं पत्र तुझ्या आईला पुरतं वाचून दावलं न्हाय. फटीचं वगळलं. मला मात्र दोन रात्री तीच दिसायलीया.

तुला एक सांगतो. तू लहान हुतीस तवाचं. आमच्या शेजारच्या मागावरचा धोटा निसटला आन् केरबाच्या डोळ्यात बसला. ह्यो धोटा म्हणजे लाकडाचा, टोकाला लोखंड, सूत घेऊन गोळीसारखा धावतोय. केरबाचा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मागाफुडं उभा ऱ्हायलो आन् माझा हात बटणाकडं जाईना. माझ्या मागाचीबी धोट्याची पट्टी ढिली हुती. मी मालकाला म्हणालो, पट्टी बदलल्याबिगर हात लावणार न्हाय. त्यानं मला बाजूला काढलं. माझ्या मागावर दुसरा माणूस उभा केला. त्याला काय झालं न्हाय. पर दिवसभर मी त्याच्याकडंच बघत बसलो हुतो.

हे कुणाला सांगटलं नव्हतं. तुला येवढ्यासाठी सांगतोय, की न्हाय म्हणणं सोपं नसतंय, आन् म्हणल्यावरबी जीव हलका हुईत न्हाय. तरीबी तुझा पाय नको म्हणाला तर न्हाय म्हण. शेरा गेला खड्ड्यात.

अण्णा

बोटीवरून
५ डिसेंबर

अण्णा, घाईत लिहिते. मेलमध्ये ‘पुट बॅक’ दिसेल. निघालो होतो, हवा बिघडली म्हणून परत फिरलो. बाकी काही नाही. उद्या पुन्हा निघू.

अक्षता

कबनूर
९ डिसेंबर

अक्षता,

सकाळी मेल आला. डाउनबाउंड. डेड शिप. वार्प्ड टु वॉल. वन लँडेड.

खाली निघाली, हे कळलं. दोरानं ताणून भिंतीला लावली, तेबी कळलं. एकाला किनाऱ्यावर उतरवला. ते ‘डेड’ तू शिकवलं नव्हतंस. त्यासाठी यशराजकडं जायची गरज न्हाय. कोण मेलंय? कोण उतरवलंय आन् कसं उतरवलंय?

पूर्णिमानं कंपनीला फोन लावला. मी शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत हुतो. पलीकडच्या बाईनं विचारलं, तुम्ही अक्षताच्या कोण? बहीण म्हणटल्यावर ती गप झाली. मग म्हणाली, माहिती घेऊन कळवतो. ती गप का झाली? पूर्णिमा म्हणत्या, तसंच असतंय त्यांचं. पर तिच्या तोंडाचा रंग मी बघितला की.

तुझी आई दारात बसलीया. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की उठून उभी ऱ्हात्या.

लगेच लिही.

कबनूर
१० डिसेंबर

बाळा, आजबी कंपनीचा फोन न्हाय. मोठं लिहायला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. नुसतं ‘हाय’ येवढं लिहून धाड.

वेलंड कालवा
११ डिसेंबर

अण्णा, आई,

हाय. मी हाय. मला काही झालेलं नाही.

‘डेड शिप’ म्हणजे इंजिन बंद पडलेली बोट. त्यात माणसाचा संबंध नसतो. तो शब्द लागेल असं वाटलं नव्हतं, म्हणून सांगितला नव्हता. किनाऱ्यावर उतरवला तो रमोन. तो जिवंत आहे. दोन दिवस बोटीवरून कुणाचाही मेल जाऊ दिला नाही, आज सोडलं.

पाच तारखेला हवा चांगली होती. आम्ही परत फिरलो ते इंजिन बिघडलं म्हणून. दुरुस्त झालं असं कॅप्टन म्हणाले आणि पुन्हा निघालो. वरची लॉक्स नीट उतरलो. पुढच्या लॉकच्या अलीकडं बोटींनी थांबायची भिंत आहे, तिथं पोचता पोचता इंजिन परत बंद पडलं. नांगर टाकला, पण वारा मागून होता. भिंतीच्या कडेनं बोट लॉकच्या दरवाजाकडं सरकायला लागली. दोर भिंतीवर देऊन ताणून धरणं एवढंच हातात होतं. त्या दिवशी बर्फाचा पाऊस पडला होता. भिंतीवर काचेसारखा थर.

"कॅडेट, बूम!" कॅप्टन वॉकीटॉकीवर ओरडले. कॅडेट म्हणजे मी.

मी कठड्यापर्यंत गेले. कमरेला पट्टा बांधला. खाली बघितलं. पाय ठेवायला खडबडीत अशी जागाच दिसेना. फट उघडत होती, मिटत होती. मी म्हणाले, "सर, मी उतरणार नाही. भिंतीवर बर्फ आहे."

"हा हुकूम आहे."

"नाही, सर."

बोट सरकतच होती. रमोन आला. त्यानं माझ्या कमरेचा पट्टा सोडला आणि स्वतःला बांधला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फळीवर बसताना एवढंच म्हणाला, "हळू सोडा, मी जड आहे."

तो भिंतीवर पडला, उठला, दोराचा फास घेऊन घसरत खुंट्यापर्यंत गेला आणि अडकवला. बोटीचा सगळा भार त्या एका दोरावर आला. अण्णा, दोर बारीक होत गेला. त्यातलं पाणी पिळून बाहेर यायला लागलं. मी ओरडले, "रमोन, मागं हो!" तो वळेपर्यंत दोर तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. तुटलेलं टोक त्याच्या पायांवर बसलं.

तो भिंतीच्या अगदी काठाला पडला. एक पाय फटीवर लोंबत होता आणि बर्फावरून तो हळूहळू खाली घसरत होता. कालव्यावरची माणसं पळत येत होती, पण लांब होती. बोट भिंतीकडं परत यायला लागलेली आम्हाला वरून दिसत होती.

फळी रिकामी परत आली होती. मी तिच्यावर बसले आणि म्हणाले, "सोडा मला." खलाशाला दोनदा सांगावं लागलं. भिंतीवर कोपरांवर आपटले. उभं राहता येईना, म्हणून पोटावर सरकत गेले. त्याची कॉलर धरली आणि ओढलं. तो ओरडला, तरी ओढलं. त्याचा पाय आत आला आणि बोट भिंतीला टेकली. तिथंच.

मग माणसं आली. त्यांनी दोर घेतले, बोट बांधली, रमोनला नेलं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काल संध्याकाळी कॅप्टन माझ्या केबिनमध्ये आले. सरकारचे तपासनीस सोमवारी येणार आहेत. म्हणाले, "रमोन स्वतःहून उतरला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढं तू सांगायचं. तू हुकूम मोडलास हे बाहेर आलं तर जन्मात बोट मिळणार नाही."  ते दारात बराच वेळ उभे होते.

मी नाही म्हणाले म्हणून रमोन गेला. माझ्या जागी गेला. हे तर खरंच आहे ना, अण्णा?

अक्षता

कबनूर
१२ डिसेंबर

बाळा,

तुझं ‘हाय’ पूर्णिमानं वराडून सांगटलं, ते मला शब्दासकट ऐकू आलं. तुझी आई दारातनं उठून आत आली आन् भिंतीला टेकून खाली बसली. मग रडली. मग मी पुढचं वाचून घेतलं. ह्या खेपेला तिनं काय वगळू दिलं न्हाय, ती शेजारीच बसली हुती.

तू विचारलंस त्याचं सांगतो. रमोन तुझ्या जागी गेला न्हाय. ती जागा कुणाचीच नव्हती. त्या बर्फावर कुणाला उतरवायचंच न्हवतं, तुला न्हाय आन् त्यालाबी न्हाय. उतरवणारा वर उभा हुता. त्याचं ओझं तू का घेतीस?

रमोनचं वाईट वाटायचंच. ते ऱ्हाणार. त्याला औषध न्हाय.

तपासणारी माणसं आली की झालं तसं सांग. तू न्हाय म्हणालीस तेबी सांग. बोट मिळाली न्हाय तर न मिळू दे, कबनूरात उपाशी मरत न्हाय कोण. मला आता भ्या दुसरंच हाय. त्यो माणूस आन् तू एकाच बोटीवर हाईसा, वळखीचं कुणी न्हाय. केबिनला आतनं कडी घाल. जेवायला एकटी जाऊ नको. ज्याच्यावर तुझा इश्वास हाय अशा एकाला तरी सांगून ठेव की कॅप्टन तुझ्याकडं आलता.

अण्णा

वेलंड कालवा
१७ डिसेंबर

अण्णा,

कडी घालते. दाराला खुर्चीही लावते. बोटीवरचे दुसऱ्या नंबरचे अधिकारी, चीफ ऑफिसर, यांना सांगून ठेवलं. ऐकून ते तसेच निघून गेले, मला वाटलं चूक केली. रात्रभर बाहेर पावलं वाजली की मी उठून बसत होते.

सोमवारी तपासनीस आले. एक बाई आणि एक पुरुष. कॅप्टन शेजारच्याच खोलीत होते. बाईंनी विचारलं, "तुला भीती वाटत होती?"

"हो."

"ते तू कॅप्टनला सांगितलंस?"

"भीती वाटते असं नाही सांगितलं. बर्फ आहे असं सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. इंजिनचं, हुकमाचं, केबिनमध्ये आले तेही. माझा आवाज इतका बारीक येत होता की त्यांनी दोनदा मोठ्यानं बोलायला लावलं. शेजारची खोली ऐकत असणार, हे कळत होतं. माझ्यानंतर चीफ ऑफिसर आत गेले. बाहेर आले तेव्हा जाता जाता म्हणाले, "मीही तेच सांगितलं."

बोट आता हिवाळाभर इथंच बांधून ठेवणार. कंपनी नवा कॅप्टन पाठवतेय. जुन्या कॅप्टननी माझ्या नावापुढं हुकूम मोडला असा शेरा मारलाच आहे. तो राहील की पुसला जाईल, कुणी सांगत नाही.

काल दवाखान्यात रमोनला भेटले. दारातूनच परत फिरावं असं वाटत होतं. त्यानं मला बघितलं आणि खुर्ची दाखवली. मी विचारलं, "माझा राग येतो का?" त्यानं पायावरचं पांघरूण नीट ओढून घेतलं. मग म्हणाला, "तू नाही म्हणालीस तेव्हा मीपण नाहीच म्हणणार होतो. पण एक पोरगी नाही म्हणाली, त्यावर मीपण म्हणालो तर बाकीचे हसतील असं वाटलं." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची बायको उद्या येतेय. तिच्यासमोर मी कशी उभी राहू?

बावीस तारखेचं विमान आहे. अण्णा, मी पुन्हा बोटीवर चढेन की नाही, मला माहीत नाही. काल बोटीतली साधी शिडी उतरताना मध्येच थांबले. पाय पुढं टाकता येईना.

अक्षता

कबनूर
१८ डिसेंबर

अक्षता,

मी पारूबाई, तुझी आई. आज मी सांगणार हाय, तुझा बा न्हाय. बोटीचे सगळे शब्द तुम्ही दोघांनीच वाटून घेतलासा, मला कुणी काय विचारलंच न्हाय.

रमोनच्या बायकोसमोर जायचं. कशी उभी ऱ्हाऊ म्हणून विचारतीस, तर जाऊन उभी ऱ्हा. काय बोलायला आलं न्हाय तर बोलू नको. तिला चहा आणून दे. ती शिव्या देईल, रडंल, न्हायतर तुला जवळ घेईल. जे करंल ते घे आन् मग ये.

तुझा बा म्हणतोय, पोरीला आता कुठं पाठवायचं न्हाय. त्याचं त्याच्याजवळ. मी तो फोटो बघितल्यापासनं डोळा मिटला की मला तू टांगलेली दिसतीस. मला भ्या वाटतंय. तू घरात येऊन झोपलीस तरी वाटंल. म्हणून मी तुला बांधून ठेवणार न्हाय. पायऱ्या उतरताना पाय थांबला तर थांबू दे की. घाई कुणाला हाय? मी रोज तुझा हात धरून विहाराच्या पायऱ्या उतरवीन.

पर जायचंच असं तुझ्या मनानं घेतलं तर पुढची बोट कुठली ते इथं चुलीपाशी बसून ठरवायचं. आन् चढायच्या आधी तिच्या कॅप्टनचा नंबर मला द्यायचा. पूर्णिमा इंग्लिशमधनं सांगंल, मी शेजारी बसून बोलणार हाय. म्हणावं, माझी पोरगी न्हाय म्हणाली तर तिथं आधी तू उतरून दाव.

तुझी आई